दोन सूत

व्हीनस कॉर्नरच्या मागं, शटर अर्धं ओढून
मी आज कॉम्प्युटर उघडून बसलेय.
पंख्यावर कित्येक वर्षांची धूळ,
तिच्यात उदबत्तीची राख, चुरमुऱ्याचा एक दाणा
आणि कुणाच्या तरी पत्रिकेवरची सोनेरी चमकी.

नवी पेटी शेजारी. चार यू.
एक यू म्हणजे पावणेदोन इंच, असं सांगितल्यावर
इरफान शिकलगारनं कानावरची पेन्सिल काढून
पत्र्यावरच गुणाकार केला.
"मग सात इंच म्हणा की वहिनी."
उद्यमनगरातल्या शेडमध्ये
अठरा गेजचा पत्रा वाकवून त्यानं ही केली,
विकतच्या पेटीचा फोटो मोबाईलवर समोर ठेवून.
फोटो सारखा विझायचा.
हात ग्रीसचे, म्हणून तो नाकानं परत लावायचा.

जुनं कॅबिनेट टेबलाखाली असायचं.
थंडीत पोटऱ्यांना त्याची ऊब लागायची.
बगलेवर पेठेच्या फुटबॉल संघाचा स्टिकर,
सुजयनं शाळेत असताना लावलेला,
आणि संघ हरला त्या रात्री
त्यानंच नखानं अर्धा खरवडलेला.

त्या ऑगस्टात सगळं गाव फूट मोजत होतं.
एकोणचाळीस, इशारा.
त्रेचाळीस, धोका.
पुढचे आकडे कुणी मोठ्यानं बोललं नाही.
सुजयनं कॅबिनेट सिलेंडरसारखं खांद्यावर घेतलं
आणि कमरेएवढ्या पाण्यातून नेलं.
मागं मी, चपला हातात, कीबोर्ड गळ्यात.
आत गावाची लग्नं होती, बारशी, तेरावी,
सुधारलेल्या चुका आणि राहून गेलेल्या.
भिंतीवरची रेघ अजून आहे.
रंगारी म्हणाला, पुट्टी मारू. मी नको म्हटलं.
रॅक आता रेघेच्या वर दीड फूट.

सुजय हिंजवडीत असल्या शेकडो पेट्या सांभाळतो.
फोनवर म्हणाला, "आई, नवीनच घे."

आधी रॅम काढली. मग वायरी,
एकेकीला चिकटपट्टीवर नाव लिहून.
प्रोसेसरवरची पेस्ट वाळून
डबीतल्या जुन्या चुन्यासारखी झालेली.
बोर्ड उचलला, तर हलका.
इतकी वर्षं जड होता तो पत्राच.

इरफानची आठ भोकं बरोबर बसली.
नववं केसभर सरकलेलं.
बोर्ड लांब ठेवून कानस दिली,
कीस कणकेच्या गोळ्यानं टिपला.
सगळं आत गेलं, आणि झाकण बसेना.
कूलर दोन सूत उंच.

"दोन सुतासाठी रडायलासा व्हय वहिनी?"
स्कूटरवरून आला. मोगरी, लाकडी ठोकळा.
पायरीवर झाकण उलटं टाकून ठोकत राहिला,
भाकरीला येतो तसा फुगवटा येईपर्यंत.
मग त्यावरनं तळहात फिरवला, दोनदा.
"आता ह्याच्यावर काय ठेवू नका."

बटण दाबलं. काही नाही.
वायर एक पिन चुकून बसलेली.
परत दाबलं,
आणि नवे पंखे असे काही ओरडले
की चहावाला अण्णू शटरखालून वाकून म्हणाला,
"मिक्सर घेतला व्हय?"

या धांदलीत बोर्डची बॅटरी निघाली होती.
पडद्यावर एक जानेवारी दोन हजार बारा.
सुजय शाळेत. भिंत कोरी.
तारीख बदलायची की दाबायच्या आधी
मी हात पदराला पुसले. तसे ते स्वच्छच होते.

इरफाननं फुगवट्याचे पैसे घेतले नाहीत.
"नाझनीनची पत्रिका तेवढी करा.
मजकूर उर्दूत बी पायजे, कडेला वेल.
तारखेची जागा मोकळी सोडा,
अजून ठरायलीय."

एक स्क्रू उरलाय.